शराब, सिरका आणि सुरमा

आपल्या सभा-संमेलनांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : अल्कोहोलचा शोध मुसलमानांनी लावला. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. अशा टाळ्या आम्हीही वाजवल्या आहेत. म्हणूनच थोडे खोलात जावेसे वाटले.

शब्द अरबीच आहे, यात शंका नाही. 'अल्-कुह्ल' म्हणजे सुरमा. युरोपात गेल्यावर हा शब्द आधी कोणत्याही अतिबारीक पुडीला आणि पुढे कोणत्याही वस्तूच्या अर्काला लागू झाला. १६व्या शतकात पॅरासेल्ससने तो दारूच्या अर्काला जोडला. वस्तूची गोष्ट मात्र वेगळी आहे. ९व्या शतकात अल्-किंदीने अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला. जाबिर इब्न हय्यानच्या नावावरील लिखाणात उकळत्या दारूची वाफ बाटलीच्या तोंडाशी पेट घेते, अशी नोंद आहे. पण शुद्ध अल्कोहोल वेगळे काढल्याचे श्रेय राझीला देण्याइतका पुरावा हाती नाही. राझीचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

आमच्या मते खरा वारसा दुसरीकडेच आहे, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. शराब कुठे संपते आणि सिरका कुठे सुरू होतो, या प्रश्नावर आपल्या फुकहांनी शतकानुशतके काथ्याकूट केला. प्रश्न धर्माचा होता, पण कसोटी गुणधर्मांची होती : वास, चव, नशा. नशा गेली आणि आंबटपणा आला की वस्तूच बदलली, मग तिचा हुकूमही बदलला. पैगंबर साहेबांनी (स.) सिरक्याला उत्तम सालन म्हटले होते. शराब आपोआप सिरका झाली तर ती पाक, हे सर्वमान्य. मीठ-कांदा टाकून मुद्दाम केली तर? देशावरचे हनफी म्हणतील, चालेल. कोकणातले शाफई म्हणतील, नाही. एकाच महाराष्ट्रात हे दोन्ही मसलक नांदतात.

हा बदल घडतो कसा, ते १८६०च्या दशकात लुई पाश्चरने दाखवले. हवेतील प्राणवायू घेऊन सूक्ष्मजीव अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात. दोघे एकाच घरातले, पण स्वभाव निराळे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि सहज पेटते. ॲसिटिक आम्ल ११८ अंशांना उकळते. सिरक्यात खायचा सोडा टाकला की फसफसतो, अल्कोहोलमध्ये नुसता तळाशी बसतो. १६६४ साली रॉबर्ट बॉइलने आम्ल ओळखायला जे वापरले, ते युनानी दवाखान्याची वाट माहीत असलेल्या वाचकांना ओळखीचे वाटेल : बनफशाचे सरबत. आम्लाने ते लाल होते. अल्कोहोलने त्याचा रंग असा पालटत नाही.

इथवर नाक, जीभ आणि डोळे पुरतात. पुढे फसगत आहे. याच बॉइलने १६६१मध्ये लाकडाच्या धुरातून आणखी एक स्पिरिट मिळवले, ते आजचे मिथेनॉल. वास जवळपास तोच, ज्योतही तशीच निळसर. आयोडीन आणि अल्कलीने साध्या अल्कोहोलचा पिवळा साका बसतो, मिथेनॉलचा बसत नाही. पण दोन्ही मिसळलेली असतील तर साका बसतोच. म्हणजे ही परीक्षाही निर्धास्त करत नाही. जून २०१५मध्ये मुंबईत मालाड-मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती अशीच मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. आपल्या वस्त्यांत 'दारू हराम आहे' एवढे सांगून विषय मिटवतात. हराम आहेच, पण पिणारा आपलाच भाऊ असतो आणि त्याच्या बायकोपोरांना 'दिसत नाही' या तक्रारीचा अर्थ कोणी समजावलेला नसतो.

अर्थ असा : यकृत मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल करते. मुंगीच्या दंशातले हेच आम्ल १६७१ साली जॉन रे याने मुंग्यांच्या अर्कातून मिळवले होते. ते रक्तात साठते आणि दृष्टीच्या नसेवर घाव घालते. आधी नुसती नशा, मग कित्येक तासांनी पोटदुखी, उलट्या, डोळ्यांपुढे धुके. उतारा होईल म्हणून घरी झोपवून ठेवले की वेळ हातची जाते. ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते. तिथे फोमेपिझोल नावाचे औषध नसेल तर डॉक्टर मोजून साधे अल्कोहोलच देतात. यकृत आधी त्याच्यामागे लागते आणि मिथेनॉल तसेच शरीराबाहेर पडायला अवधी मिळतो. जीव वाचवण्यासाठी, दुसरा इलाज नसताना, हराम वस्तूला किती सवलत आहे, याची चर्चा फिक्हच्या किताबांत इज्तिरारच्या प्रकरणात सापडते.