पाण्याकडून पोलादाकडे : उष्णता-संस्करणाचा इतिहास आणि त्याची भाषा

लोहार कोयत्याला पाणी देतो, असे आपण मराठीत म्हणतो. तापून लाल झालेले पाते तो पाण्यात बुडवितो, आणि मघाशी हातोड्याखाली वाकणारे लोखंड क्षणात कठीण होते. फारसीत या क्रियेला ‘आब दादन’, म्हणजे पाणी देणे, असेच म्हणतात. ‘आबदार’ हा शब्द त्याच कुळातला. संस्कृतात तिला ‘पान’ किंवा ‘पायना’, म्हणजे पाजणे, असे नाव आहे. तिन्ही भाषांच्या मुळाशी कल्पना एकच : शस्त्र पाणी पिते, आणि जे पिते त्याचा गुण त्याच्या अंगी उतरतो. ‘पाणीदार’ हे विशेषण हत्यारावरून माणसापर्यंत पोचले ते याच वाटेने. हा शब्द क्रियेचे नुसते वर्णन करीत नाही, तिचे कारणही सांगतो. ते कारण आज आपण स्वीकारीत नाही. मग त्यावर उभारलेली कृतीही चुकीची ठरते काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१

पाण्यातच गुण आहे ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’ या ग्रंथात लोखंडातील भेद मुख्यत्वे पाण्यावर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. स्पेनमधील बिल्बिलिस व तुरियासो आणि इटलीतील कोमुम या गावांची कीर्ती त्याने तेथील पाण्याकडे लावली. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या खड्गलक्षण-प्रकरणात शस्त्रपानाचे अनेक प्रकार दिले आहेत : तेजस्वी वैभव हवे असल्यास रक्त, गुणी पुत्र हवा असल्यास तूप, अक्षय धन हवे असल्यास पाणी. येथे द्रव निवडला जातो तो शस्त्राच्या उपयोगावरून नव्हे, तर धन्याच्या इच्छेवरून. मात्र त्याच प्रकरणात पुढे केळीच्या क्षाराचे आणि ताकाचे मिश्रण सांगितले आहे, आणि तेथे फलश्रुती निराळी आहे : असे शस्त्र दगडावर मोडत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही. शकुनशास्त्र आणि कारागिरी एकाच प्रकरणात शेजारी नांदतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानात हा विचार अधिक स्वच्छ आहे. शल्यकर्माच्या शस्त्रांची पायना तेथे तीन प्रकारची सांगितली आहे : क्षारात, पाण्यात आणि तेलात. क्षारपायित शस्त्र बाण, शल्य व हाड कापण्यासाठी. उदकपायित मांस कापण्याचिरण्यासाठी. तैलपायित शिरा वेधण्यासाठी व स्नायू छेदण्यासाठी. आजचा धातुशास्त्रज्ञ क्षारजल, पाणी आणि तेल यांचा हाच क्रम लावील. कारण त्यांची उष्णता शोषून घेण्याची तीव्रता याच क्रमाने उतरत जाते. तीव्र थंडावा मिळालेले पोलाद अधिक खोलवर कठीण होते, पण त्याला तडा जाण्याची भीतीही तितकीच मोठी असते. हाडावर चालणाऱ्या शस्त्राला काठिण्य हवे आणि शिरेत शिरणाऱ्या बारीक शस्त्राला न तडकणे हवे, असा या वर्गीकरणाचा अर्थ लावणे वावगे ठरणार नाही. कारणमीमांसा ‘पिण्या’ची होती, निवड मात्र अनुभवाची होती.

२

कारण पाण्यातून काढून पोलादात शोधण्यास युरोपला अठरावे शतक उजाडावे लागले. रेओम्यूरने १७२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काठिण्याचा उलगडा पोलादातील सूक्ष्म द्रव्यांच्या हालचालीवरून करण्याचा यत्न केला. १७८६ मध्ये व्हांदरमोंद, बेर्तोले आणि मोंज यांनी लोखंड, पोलाद आणि बीड यांतील भेद कार्बनाच्या प्रमाणामुळे पडतो, असे दाखविले. या शोधयात्रेत मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून ‘वूट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले, आणि त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला.

तरीही एक कोडे उरलेच. एकाच पोलादाचे दोन तुकडे, कार्बनाचे प्रमाण तेच, पाणी तेच. मग एक कठीण होतो आणि दुसरा होत नाही, हे कसे? सेंट पीटर्सबर्ग येथील ओबुखोव्ह कारखान्यात तोफा फुटत असत. त्यांचा शोध घेताना दिमित्री चेर्नोव्ह यांनी १८६८ मध्ये उत्तर मांडले. पोलाद एका ठरावीक तापमानाच्या खाली असेल, तर ते कितीही झपाट्याने थंड केले तरी कठीण होत नाही. चेर्नोव्ह यांच्यापाशी तापमापक नव्हता. तापलेल्या धातूचा रंग त्यांनी डोळ्यांनीच पारखला. म्हणजे साधन लोहाराचेच होते. निराळा होता तो प्रश्न : पाण्याने काय दिले हे न विचारता, पाण्यात जाण्यापूर्वी पोलादाचे काय झाले होते, हे त्यांनी विचारले.

आज याचा खुलासा असा केला जातो. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची रचना पालटते आणि तीत कार्बन विरघळतो. सावकाश निवविल्यास कार्बन बाहेर पडतो व पोलाद मऊ राहते. एकाएकी निवविल्यास त्याला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही, आणि त्याच्या ताणाने कठीण व ठिसूळ रचना तयार होते. पाणी काही देत नाही. ते केवळ उष्णता नेते, आणि तीही वेळेत. यंत्राच्या दंतचक्राला सुमारे ९०० अंशांच्या वर कार्बनयुक्त वायूत ठेवून त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात, मग ते तेलात बुडवितात आणि शेवटी दीडशे-दोनशे अंशांवर पुन्हा तापवितात. दाते झिजत नाहीत आणि गाभा तुटत नाही, तो यामुळे.

३

ही शेवटची पायरी भाषेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. इंग्रजीतील ‘टेम्पर’ आणि फ्रेंचमधील ‘त्रांप’ हे दोन्ही शब्द लॅटिन ‘टेम्पेरारे’, म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणे, या एकाच धातूपासून निघाले. पण फ्रेंच कारागीर ‘त्रांप’ म्हणतो तेव्हा तो लाल पोलाद बुडवून कठीण करतो. आजचा इंग्रज ‘टेम्पर’ म्हणतो तेव्हा तो कठीण झालेले पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितो. मराठीत ‘टेम्पर’साठी ‘पाणी देणे’ हा प्रतिशब्द योजला, तर परस्परविरुद्ध दिशेच्या दोन क्रिया एका नावाखाली येतील. कारखान्यात अशा गोंधळाची किंमत तडकलेल्या भागांनी मोजावी लागते. म्हणून ‘पाणी देणे’ हा शब्द बुडविण्याच्या क्रियेपुरता राखावा व दुसरीस ‘पुनस्तापन’ म्हणावे, हे इष्ट.

फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लोरिस ऑस्मों यांनी १८९५ मध्ये त्या कठीण रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या गौरवार्थ ‘मार्टेन्साइट’ हे नाव दिले. काठिण्याचे मूळ लोखंडाच्या ‘बीटा’ नामक एका रूपात आहे, असे स्वतः ऑस्मों मानीत. क्ष-किरणांच्या साहाय्याने १९२० नंतर झालेल्या संशोधनात ती उपपत्ती टिकली नाही. नाव मात्र टिकले. कारण त्यात एका माणसाच्या नावापलीकडे कोणतीही उपपत्ती गोवलेली नव्हती. ‘पाणी देणे’ हा शब्दही टिकला, पण निराळ्या कारणाने : त्यातील उपपत्ती खोटी असली, तरी हाताने करावयाची कृती त्यात अचूक सांगितलेली होती.

यावरून इतिहासाच्या अभ्यासकाने एक विवेक बाळगावा, असे वाटते. कारागिराने दिलेले कारण आणि त्याने केलेली कृती यांची परीक्षा वेगवेगळी करावयास हवी. कारण चुकले म्हणून कृतीला अंधश्रद्धा म्हणणे जितके उतावीळपणाचे, तितकेच कृती साधली म्हणून जुन्या ग्रंथात आधुनिक विज्ञान पाहणेही. सुश्रुताच्या तीन पायनांमध्ये अणुरचनेचे ज्ञान नव्हते. पण कोणते शस्त्र कशात बुडवावे याचे ज्ञान होते, आणि ते ज्ञान शब्दांत बांधून पुढच्या पिढीच्या हाती देण्याची शिस्तही होती.