चेन बिघडली तर आधी रनर बघा



शिलाई मशीनचं पेटंट घेणाऱ्या अमेरिकेतल्या इलियास होवचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते पेटंट १८४६ चं. १८५१ मध्ये त्याने कपडा बंद करणाऱ्या एका साधनाचंही पेटंट घेतलं, पण ते बाजारात आणलंच नाही. मशीन घरोघरी पोचलं, चेन राहून गेली. आपलं काही अडलंही नाही म्हणा! चोळीला गाठ, अंगरख्याला बंद, परकराला नाडी.

१८९३ मध्ये व्हिटकम जडसनने बुटांसाठी आकड्यांची एक पट्टी काढली आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. त्याच साली, त्याच शहरात, आपले वीरचंद राघवजी गांधी सर्वधर्म परिषदेत जैन धर्माविषयी बोलले. त्यांना लोकांनी कान देऊन ऐकलं. जडसनची पट्टी मात्र कोणी फारशी घेतली नाही, कारण ती ऐन वेळी उघडायची.

खरी चेन केली गिडिऑन सुंडबॅकने. हा मूळचा स्वीडनचा इंजिनियर. १९११ मध्ये त्याची बायको वारली आणि त्याने स्वतःला कामात बुडवून घेतलं. १९१३ च्या डिसेंबरात त्याने आकडे काढून टाकले आणि एकसारखे दात बसवले. प्रत्येक दाताला वर उंचवटा, खाली खळगा. इंचाला चारच्या जागी दहा दात. १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात खलाशांच्या पैशाच्या पट्ट्यांना ही चेन लागली. १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने ती पावसाळी बुटांना लावली आणि ‘झिपर’ हे नाव तिथून रूढ झालं. आपण अजून चेनच म्हणतो.

एवढा इतिहास मी वाचला तो आईच्या कुर्तीपायी. तिने शिवलेली ती शेवटची. मागची चेन वर ओढली की रनरच्या पाठीमागे फाकायची. पूर्ण चेन बदलायची तर आईची अख्खी शिलाई उसवावी लागणार, आणि तेच मला नको होतं. चारोटीहून डहाणूला नेऊन तरी दुसरं काय होणार होतं?

सुंडबॅकची रचना समजली तेव्हा लक्षात आलं की दात स्वतःहून जुळत नाहीत, रनर त्यांना एकमेकांत दाबून बसवतो. वापरून वापरून रनरच्या दोन पत्र्यांमधली फट वाढते आणि दाब कमी पडतो. म्हणजे दात शाबूत असतील तर दोष बहुतेक रनरचाच. नायलॉनच्या चेनलाही हेच लागू.

रनर अगदी खाली आणायचा. जुळलेले दात ज्या टोकाने बाहेर पडतात, तिथल्या दोन्ही कडा बारीक पकडीने आळीपाळीने दाबायच्या. एकदम जोर नको, थोडं दाबायचं आणि चालवून बघायचं. जास्त दाबला तर रनर अडकून बसतो, मग पत्र्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून फट किंचित वाढवावी लागते. माझा तिसऱ्या खेपेला लागला. आईचा एकही टाका उसवला नाही.

चेन जड जात असेल तर दातांवर पेन्सिलचं शिसं घासा. काही जणी मेण सांगतात. ते मधमाशीचं नाही ना, हे बघून घ्या. साध्या पांढऱ्या मेणबत्तीचं चालतं.