बॉम्ब ट्रॉम्बेचा, भुर्दंड तारापूरला

पोखरणच्या अणुस्फोटाचा विषय निघाला की आमचे आप्पाकाका पडवीत सरसावून बसायचे. साठच्या दशकात ते 'ॲटॉमिक'च्या, म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या, बांधकामावर वेल्डर होते, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलच्या अमेरिकन साहेबांच्या हाताखाली. त्यामुळे चिंचणीत त्यांचा शब्द प्रमाण. "माल इथूनच गेला. रात्रीचे ट्रक, वर ताडपत्री, बोईसरचं फाटक बंद ठेवून सोडले!" हीच गोष्ट मी पुढे दांडीला ऐकली, घिवलीलाही ऐकली. गाव बदललं की ट्रक वाढायचे.

ट्रक गेले होते हे खरंच. पण ते निघाले ट्रॉम्बेहून. 1974 च्या स्फोटातलं प्लुटोनियम तिथल्या सायरस अणुभट्टीतलं. तारापूरच्या भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची नजर, इथलं इंधन परस्पर वळवणं सोपं नव्हतं.

तयारी मात्र आप्पाकाकांच्या कल्पनेपेक्षाही गुपचूप झाली. राजा रामण्णा, होमी सेठना, पी. के. अय्यंगार आणि मोजक्या शास्त्रज्ञांनाच सगळं ठाऊक होतं. पोखरणला स्फोटासाठी खड्डा खणायचं काम लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटकडे. पहिल्या खड्ड्याला वाळवंटात चक्क पाणी लागलं! मग मलकी नावाच्या ओसाड गावाजवळ दुसरा खणला. तिथल्या विहिरी कोरड्या, म्हणून. विहिरीला पाणी लागू नये असं मागणारी माणसं त्या मुलखाने पहिल्यांदाच पाहिली असतील. 18 मे रोजी सकाळी आठचा मुहूर्त होता. खड्ड्याजवळ शेवटची पाहणी करायला गेलेल्याची जीप सुरूच होईना. स्फोट झाला आठ वाजून पाच मिनिटांनी.

1998 साली पोखरणला पुन्हा अणुचाचण्या झाल्या तेव्हा उपग्रह डोक्यावर होते, म्हणून कामं रात्रीची आणि शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात. त्या वेळी भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते अनिल काकोडकर, आपला मराठी माणूस. पण तोवर तारापूरने बरंच सोसलं होतं.

1963 च्या भारत-अमेरिका करारानुसार तीस वर्षं इथल्या भट्ट्यांसाठी समृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यायचं होतं. 1969 मध्ये वीज सुरू झाली, पाच वर्षांत पोखरण झालं आणि वॉशिंग्टनने हात आखडता घेतला. 1978 मध्ये तिकडे अशा निर्यातीला आवर घालणारा नवा कायदाच आला. पुढची खेप येईल की नाही याचा घोर कॉलनीतल्या घराघरांत. आहे ते इंधन पुरवून वापरायची वेळ आली. अखेर 1982 मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. ज्यांचा बॉम्बशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्याच चुलीतलं लाकूड ओढलं गेलं, हा माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला उघड अन्याय.

अमेरिकेने वापरलेलं इंधन परत नेलं नाही, त्यावर पुनर्प्रक्रिया करायलाही संमती दिली नाही. 1993 मध्ये कराराची मुदत संपली, तेव्हा ते तारापूरलाच साठवलेलं होतं.