'कंपनी' : एका शब्दाचीं स्थित्यंतरें



आपल्या रोजच्या बोलण्यांत जे इंग्रजी शब्द घरच्यासारखे वावरतात, त्यांत 'कंपनी' हा एक ठळक शब्द होय. नोकरदार मनुष्य सकाळीं कंपनींत जातो. औषधाच्या बाटलीवर कंपनीचें नांव असतें. फौजेंत शिपायांची कंपनी असते आणि नाटकवाल्यांचीही कंपनीच असते. शिवाय फिरावयास निघालेला मित्र 'जरा कंपनी दे' असें म्हणून आपणांस बरोबर नेतो. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना एकच नांव कां पडावें, ह्याचा थोडासा विचार आज करावयाचा आहे.

शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. 'कुम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एका भाकरींत जो आपला वांटेकरी, तो 'कोम्पानियो'. ह्याच 'पानिस'पासून पोर्तुगीज भाषेंतील शब्द झाला आणि पोर्तुगीजांबरोबर येऊन तो आपल्याकडे 'पाव' झाला. म्हणजे बेकरींतला पाव आणि कचेरीच्या पाटीवरील कंपनी हीं चुलत भावंडें आहेत! फ्रेंच भाषेच्या वाटेनें हा शब्द इंग्रजींत शिरला, आणि घरीं आलेले पाहुणे, प्रवासांतील सोबत, एका जहाजावरील सारे खलाशी, एका कप्तानाच्या हाताखालील शिपाई ह्या सर्वांस लागूं लागला. (आपला 'कंपू' मात्र निराळ्या घराण्यांतला; महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयनें जे कंपू तयार केले, त्या शब्दाचें मूळ छावणींत आहे.) मध्ययुगीन लंडनमध्यें कापड, किराणा, मासळी, सोनें ह्यांचा व्यापार करणाऱ्यांच्या ज्या श्रेणी होत्या, त्यांनाही हेंच नांव होतें. त्या उमेदवारांना धंदा शिकवीत, मालाच्या चोखपणावर नजर ठेवीत, गरीब सभासदांना व विधवांना मदत करीत आणि आपल्या दिवाणखान्यांत एकत्र जेवणावळी घालीत. येथवर भाकरी शब्दांतून सुटलेली नव्हती.

पुढें समुद्रापारचा व्यापार आला आणि शब्दानें कूस बदलली. एकेका व्यापाऱ्याच्या ऐपतीबाहेरचें काम पुष्कळांनीं पैसे एकत्र करून करावें, ह्या कल्पनेंतून १५५५ सालीं रशियाशीं व्यापार करणाऱ्या मस्कोव्ही कंपनीला सनद मिळाली. ३१ डिसेंबर १६०० रोजीं एलिझाबेथ राणीनें ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराचा १५ वर्षांचा मक्ता दिला. आरंभीं प्रत्येक सफरीचें भांडवल निराळें असे. जहाजें परत आलीं, माल विकला, कीं मुद्दल व नफा वांटून हिशेब मिटवीत. १६५७ मध्यें भांडवल कायमचें झालें. आतां भागीदारांनीं एकमेकांचें तोंड पाहण्याचीही गरज उरली नाहीं. भाकरीच्या वांट्याची जागा भांडवलाच्या वांट्यानें घेतली.

ह्याच कंपनीला १६६८ सालीं इंग्लंडच्या राजानें मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडावर देऊन टाकलें. १७६५ त बंगालची दिवाणी तिच्या हातीं आली, आणि वखारींत बसून हिशेब लिहिणारे लोक सारा वसूल करूं लागले. लौकरच १७७० चा भयंकर दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जनें १७७२ मध्यें विलायतेंतील संचालकांना जें कळविलें, तें वाचून मन सुन्न होतें. प्रांतांतील निदान एक तृतीयांश माणसें नाहींशीं झालीं असा त्याचा अंदाज होता. आणि तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षां अधिक भरली होती, कारण ती सक्तीनें पूर्वीच्या पातळीवर ठेवण्यांत आली होती. जिच्या नांवांतच भाकरी वांटून खाणें आहे, तिच्या अमलाखालीं हें घडलें! व्यापाऱ्यांच्या मंडळाचें राज्य हें बहुधा सर्वांत वाईट राज्य होय, असा अभिप्राय अॅडम स्मिथनें १७७६ सालीं दिला, तो उगाच नव्हे.

१८१८ त पेशवाई बुडाली आणि महाराष्ट्रांतही 'कंपनी सरकार' हा जोडशब्द रूढ झाला. १८३३ च्या कायद्यानें कंपनीचा व्यापार बंद झाला, तरी राज्य चालूच राहिलें. १८५८ सालीं तें राणीकडे गेलें, आणि १ जून १८७४ रोजीं कंपनी विसर्जित झाली. उत्तरेकडील कित्येक शहरांत 'कंपनी बाग' मात्र लोकांच्या तोंडीं राहिली.

आपल्याकडे ह्या शब्दाला जुना अर्थ परत मिळाला तो नाटकवाल्यांमुळें. १८८० सालीं पुण्यांत उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी काय, किंवा १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी काय, पाटीवर 'मंडळी' असली तरी लोकांच्या तोंडीं 'कंपनी'च. गांवोगांव फिरणारें एक बिऱ्हाड, बरोबर आचारी, आणि राजाचें काम करणारा व पडदा ओढणारा ह्या दोघांचाही भात एकाच चुलीवरचा. लॅटिन न शिकतां आपल्या नटांनीं शब्दाचें मूळ गांठलें होतें.

कायद्याची दिशा मात्र उलट राहिली. कंपनी बुडाली तरी भागीदाराचें घरदार जाऊं नये, ही सोय इंग्लंडांत १८५५ त व हिंदुस्थानांत १८५७ त झाली. तिनें सामान्य माणसाच्या शिलकेंतून मोठाले कारखाने उभे राहिले, हें मान्य केलेंच पाहिजे. १८९७ मध्यें विलायतेच्या वरिष्ठ न्यायासनानें सॉलोमन नांवाच्या बूट-व्यापाऱ्याच्या खटल्यांत, कंपनी ही तिच्या मालकाहून निराळी व्यक्ति आहे, असा निर्णय दिला. आपल्या २०१३ च्या कायद्यानें तर एकाच माणसाची कंपनी काढण्याचीही मुभा दिली. सोबत्यांचा शब्द असा एकट्याला येऊन भिडला!

शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल रुसून बसणें शहाणपणाचें नाहीं. पण मूळ अर्थ ठाऊक असला, तर एक प्रश्न विचारतां येतो. कोणत्याही कंपनीची पाटी वाचतांना, तिच्या भाकरीसाठीं कोण राबतें आणि ती वांटतांना पंगतींत कोणाकोणाला बसवितात, एवढें आपण पाहावें. १७७० सालीं हा प्रश्न विचारणारें संचालकांच्या टेबलाशीं कोणी नव्हतें.