आपल्या घरांच्या भिंती : भूकंपाआधी आणि नंतर

स्मरणिकेत परिसराच्या इतिहासावर कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी बांधकामातला माणूस, म्हणून भिंतींवर लिहितो.

आपली दहावीची बॅच 1994 ची. त्याआधी आपल्यापैकी बहुतेकांची घरं एकसारखी होती. काळा दगड मातीत रचून केलेली दोन-अडीच फूट रुंद भिंत आणि वर लाकडावर पांढऱ्या मातीचं माळवद. एप्रिलमध्ये परीक्षेचा पेपर देऊन घरी आलो की उंबऱ्याच्या आत गार वाटायचं. खरं तर दगडातून उष्णता सहज जाते. गारवा होता तो जाडीमुळे. दुपारचं ऊन एवढी भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तेव्हा आपण माळवदावर झोपलेलो असायचो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच्या विसर्जनाने दमून लोक घरात झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. शाळा पुन्हा भरली तेव्हा आपल्या वर्गात दोन जागा रिकाम्या होत्या. हजेरी घेताना ती नावं आली की बाई थांबत.

माणसं मेली ती भिंतीखाली आणि माळवदाखाली. त्यामुळे दगडाची जी धास्ती बसली ती आजही आहे. वडिलांनी घर पुन्हा बांधताना जुन्या घरातला एक दगड वापरू दिला नाही.

पुढे शिकताना कारण कळलं. आपली भिंत एक दिसायची, पण असायची दोन. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले. हादरा बसताच थर फाकले. गळती थांबवायला दरवर्षी माती टाकून माळवदही जड झालेलं. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही काही छतं तगली. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता.

पुनर्वसनात सिमेंटच्या पातळ भिंती आणि स्लॅब आले. ते सुरक्षित वाटले आणि तेव्हा तेच हवं होतं. पण भरीव काँक्रीटमधून उष्णता विटेच्या जवळपास दुप्पट जाते, शिवाय भिंत पातळ. दुपारी तापलेला स्लॅब संध्याकाळी घरात उष्णता सोडू लागतो. आई आता सत्तरीपार आहे. मे महिन्यात ती रात्री अकरापर्यंत अंगणात बसून असते. "घर निवलं का बघ," म्हणते. जुन्या घरात हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.

मागच्या वर्षी मी स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला आणि पश्चिमेच्या भिंतीला मांडव घातला. बराच फरक पडला. नवं बांधणाऱ्यांना एवढंच सांगतो : जाड भिंतीला घाबरू नका. थरांत आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा घ्या, छत हलकं ठेवा.

मेळाव्याला याल तेव्हा आपापल्या घराच्या भिंतीची जाडी मोजून या. बोलू.