उतारवयातील विद्यार्थी : महाराष्ट्रातील प्रौढवर्गांचा मागोवा

२ ऑक्टोबर १९७८ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा प्रारंभ केला. देशातील निरक्षरता दूर करण्याचा तो मोठा संकल्प होता. त्यात ‘प्रौढ’ या शब्दाची मर्यादाही आखून दिलेली होती. वयाच्या पंधराव्या वर्षापासून पस्तिसाव्या वर्षापर्यंतचा तो प्रौढ. दहा वर्षांनी, ५ मे १९८८ रोजी, राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले, तेव्हाही हीच दोन टोके कायम राहिली. यामागील शासनाचा हिशेब समजण्यासारखा होता. निधी थोडा, निरक्षरांची संख्या अफाट. ज्याच्या हातून अजून तीस वर्षे काम व्हावयाचे आहे आणि ज्याच्या घरात लहान मुले आहेत, त्याला आधी शिकविले तर खर्चाचे चीज होईल, असा तो विचार. व्यापारी मनाला तो सहज पटतो. परंतु छत्तीस वर्षांच्या निरक्षर स्त्रीचे नाव कोणत्या खात्यावर मांडावयाचे, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते. ती एखाद्या वर्गात येऊन बसली तर तिला कोणी उठविले नसेल, परंतु उद्दिष्टाच्या आकड्यात ती धरलेली नव्हती.

महाराष्ट्रात प्रौढांच्या शिक्षणाची सुरुवात मात्र अशी वयाची रेघ मारून झालेली नव्हती. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर कष्ट करून आलेला मनुष्य दिव्याच्या उजेडात पाटीवर अक्षर गिरवितो, हे दृश्य त्या काळी पुण्याला नवे होते. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभे राहिले, आणि संसारात पडलेल्या व विधवा झालेल्या स्त्रियांना दुपारच्या मोकळ्या वेळी शिकण्याची जागा मिळाली. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. ज्या वयात इतर लोक हाती घेतलेली कामे आटोपती घेतात, त्या वयात त्यांनी हे नवे काम आरंभिले. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यानंतर प्रौढशिक्षणाला सरकारी आश्रय मिळाला. १९३९ च्या साक्षरता मोहिमेत मुंबईच्या कामगार वस्तीत वर्ग भरू लागले.

या सर्वांत सातारा जिल्ह्यातील ग्रामशिक्षण मोहीम विशेष उल्लेखनीय होय. १९५९ मध्ये ती सुरू झाली व नंतर राज्यभर पसरली. तिची रीत निराळी होती. एकेक मनुष्य निवडून शिकविण्याऐवजी सबंध गावच हाती घ्यावयाचे, गावातील शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी काही महिने वर्ग चालवावयाचे आणि सर्वजण साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करावयाचा. वयोमर्यादा येथेही होती, परंतु ती चौदा ते पन्नास अशी ऐसपैस. गावाची प्रतिष्ठा पणाला लागल्यामुळे सुनेला वर्गाला पाठविणे सासूला भाग पडे, आणि सासू पन्नाशीच्या आतली असेल तर तिलाही जावे लागे. १९७२ मध्ये युनेस्कोने या मोहिमेस साक्षरतेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिले. मोहिमेचा दोषही येथेच नोंदविला पाहिजे. समारंभ झाला, तोरणे उतरली, आणि पुढे वाचावयास हाताशी काही नसल्यामुळे अनेकांची अक्षरे पुन्हा पुसट झाली. सही तेवढी टिकली.

जैन समाजात या विषयाकडे पाहण्याची दृष्टी मुळातच वेगळी आहे. श्रावकाच्या षट्कर्मांत देवपूजा, गुरूपास्ती, संयम, तप व दान यांच्या जोडीने स्वाध्याय सांगितला आहे, आणि तो रोजचा आहे. बारा तपांतील सहा अभ्यंतर तपांतही स्वाध्यायाची गणना होते. तपाला वयाची वरची मर्यादा नसते. स्वाध्यायाचे पाच प्रकार दिगंबर परंपरेत वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश असे आहेत. श्वेतांबर आगमांत आम्नायाच्या जागी परावर्तना व धर्मोपदेशाच्या जागी धर्मकथा येते. दोन्हीकडे पहिली जागा वाचनेची आणि दुसरी पृच्छनेची, म्हणजे प्रश्न विचारण्याची. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रवचनाला शंभर माणसे बसतात, ऐकतात आणि उठून जातात. त्या सभेत विचारण्यास अवसर थोडाच असतो. वर्गात दहा माणसे असली तरी समजले नाही ते विचारता येते. धर्मश्रवण आणि धर्माध्ययन यांत अंतर पडते ते येथे.

तत्त्व असे असले तरी व्यवहारात या अध्ययनाचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडे, त्यातही मोजक्या पंडितांकडे राहिला, हे मान्य केले पाहिजे. गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ किंवा गुणदासांचे ‘श्रेणिकचरित्र’ यांसारखे ग्रंथ जुन्या मराठीत होते, परंतु ते हस्तलिखितांच्या रूपाने मंदिरांच्या भांडारांत बंद. घरोघरच्या वृद्ध श्राविकांना भक्तामर स्तोत्राची सगळी काव्ये मुखोद्गत असत. कोणत्या परंपरेत ती ४८ म्हणतात, कोणत्या परंपरेत ४४. प्रतिक्रमणाचे पाठ तोंडपाठ, सामायिकाचा विधी तोंडपाठ. आणि तेच स्तोत्र पुस्तकात उघडून समोर ठेवले तर ते कोणते, हे मात्र ओळखता येत नसे. ज्या समाजाने ज्ञानावरणीय कर्माची इतकी सूक्ष्म मीमांसा केली, त्या समाजातील निम्म्या माणसांवरील हे आवरण कर्मापेक्षा रूढीचे अधिक होते.

ते दूर होण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली छपाई. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘जैन बोधक’ हे नियतकालिक काढले. त्या काळात शास्त्रे छापावीत की नाही यावरच समाजात कडाक्याचा वाद होता. छापलेला कागद पायदळी जाईल, शास्त्राची आशातना होईल, असे विरोधकांचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नव्हते. परंतु ग्रंथ छापले गेले, म्हणून ते भांडारातून घरात आले.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रौढ स्त्रियांसाठी उघडलेले श्राविकाश्रम. मुंबईचे प्रसिद्ध जवाहिरी दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना घराच्या कोपऱ्यात बसविणे वडिलांना शक्य होते. त्यांनी तसे न करता मुलीच्या शिक्षणाची सोय केली. विसाव्या शतकाच्या आरंभी मगनबाईंनी जो श्राविकाश्रम चालविला, त्यात आलेल्या स्त्रियांतील पुष्कळजणी शाळेचे वय कधीच मागे टाकलेल्या होत्या. अक्षरओळखीपासून धर्मग्रंथांपर्यंत त्यांची वाटचाल झाली आणि त्यांच्यातूनच पुढे अध्यापिका तयार झाल्या. हिराचंद नेमचंद यांच्या कन्या कंकुबाई या कार्यात मगनबाईंच्या सोबत होत्या. मगनबाई १९३० मध्ये निवर्तल्या. वारसा म्हणून सेठजींच्या धर्मशाळा व बोर्डिंगे आजही दाखविली जातात, आणि ती दाखविण्याजोगी आहेतच. परंतु मुलीला शिकविण्याचा त्यांचा निर्णय इमारतीसारखा दाखविता येत नाही, म्हणून तो कमी सांगितला जातो.

स्थानकवासी परंपरेत हेच कार्य परीक्षेच्या वाटेने झाले. आचार्य आनंदऋषिजी महाराज यांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी येथे श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. प्रारंभीच्या पाठांपासून ‘जैन सिद्धांताचार्य’ या पदवीपर्यंत पायऱ्या आखल्या गेल्या. पाठशाळेतील मुले, साधु-साध्वी आणि संसारी श्रावक-श्राविका यांना या पायऱ्या सारख्याच खुल्या होत्या. परीक्षेची भीती बाळगणारे पुष्कळ असतात, परंतु उतारवयात परीक्षेचा एक उपयोग असतो. ‘मला परीक्षा द्यावयाची आहे’ असे म्हटले की घरातील माणसे तो तास मोकळा सोडतात. नुसते ‘मला वाचावयाचे आहे’ म्हटले तर कोणी तरी चहा टाकावयास सांगतो.

येथे व्यापारी वर्गाची एक बाजू सांगितली पाहिजे, कारण शिकणे आणि वर्ग यांतील फरक तिच्यामुळे स्पष्ट होतो. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. पाठोपाठ मेट्रिक मापे आली. कापडाचा तागा वाराने मोजणाऱ्यास मीटर धरावा लागला. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ज्यांच्या जिभेवर खेळत होती, त्या साठीच्या पेढीवाल्यांनी दशांशाचे कोष्टक भिंतीवर लावून नवा हिशेब शिकून घेतला. पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा तसाच प्रसंग आला. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादनशुल्क असल्यामुळे सामान्य कापडदुकानदारास विक्रीवरील कराची विवरणपत्रे फारशी भरावी लागत नसत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, कापडावर पाच टक्के लागले आणि चोपडी, रोजमेळ, खतावणी यांत हयात गेलेल्या वृद्धांना संगणकाच्या पडद्यापुढे बसावे लागले. कोणी नातवाकडून शिकले, कोणी मुनीमजींकडून, कोणी शेजारच्या दुकानातून. या शिक्षणाला कोणी प्रौढशिक्षण म्हटले नाही. पेढी हीच त्यांची शाळा होती, आणि ती मरेपर्यंत सुटत नव्हती.

घरातील स्त्रीला अशी पेढी नव्हती. तिच्यासाठी कोणी तरी मुद्दाम वर्ग भरविणे आवश्यक होते. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शाळेचा दाखला नसलेल्यांसाठीही पूर्वतयारीची वाट ठेवून पदवीचे दार उघडले. पुण्यात १९८७ मध्ये सुरू झालेल्या सन्मति-तीर्थ या संस्थेने प्राकृत व जैनविद्येचे अनेक वर्षांचे क्रमबद्ध वर्ग चालविले. डॉ. नलिनी जोशी यांच्या मार्गदर्शनाखालील या वर्गांत मुख्यतः गृहिणी येत, आणि त्यांत नातवंडे असलेल्याही असत. ज्या अर्धमागधी गाथा त्यांनी आयुष्यभर अर्थ न कळता म्हटल्या, त्यांचा शब्द न्‌ शब्द फोडून पाहण्याचा अवसर त्यांना मिळाला. आपला उच्चार कोठे चुकत होता हे साठीनंतर कळणे अवघड असते. मान्य करणे त्याहून अवघड. अशा वर्गातील विद्यार्थिनी ते करतात.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे जैन समाजाचा प्रश्न नाही. शेतकरी कुटुंबांचे ते गाव. २०१६ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या निमित्ताने वाचन चालले असता, आपल्यालाही असे वाचता आले असते तर, अशी खंत गावातील वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती ऐकली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी सुमारे तीस, वय साठ ते नव्वद. गुलाबी साडीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. वर्गाची वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे सकाळचा स्वयंपाक व शेतकाम आटोपल्यानंतर आणि संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वी. शिकविणारी गावातलीच एक सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू. घरात एकीचा शब्द चालावयाचा, वर्गात दुसरीचा. देशविदेशांतील वार्ताहर तेथे येऊन गेले. त्यांनी साड्यांची छायाचित्रे पुष्कळ घेतली, आणि गुलाबी रंग छायाचित्रात उठून दिसतो हे खरेच. आजींनी स्वतः सांगितलेली गोष्ट मात्र साधी होती : बँकेत आता अंगठा द्यावा लागत नाही, सही करता येते.

शासनाच्या धोरणातही या मधल्या काळात बदल झाला. २००९ च्या साक्षर भारत कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्वांचा समावेश झाला. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही वयाची वरची मर्यादा नाही. त्याच्या चाचणीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. १९७८ साली जी स्त्री छत्तीस वर्षांची होती, म्हणजे एका वर्षाने प्रौढ ठरावयाची राहिली होती, ती २००९ मध्ये सदुसष्ट वर्षांची झाली आणि २०२२ मध्ये ऐंशीची. मधल्या २०१६ साली, फांगण्याची शाळा उघडली तेव्हा, तिचे वय चौऱ्याहत्तर होते. पाटी घेऊन तेथे बसलेल्या आजींमध्ये याच वयाच्या व याच्या पुढच्या स्त्रिया होत्या.