सुटलेल्या खांद्याची शस्त्रक्रिया
पडताना खांदा आपटला की गळपट्टीचे हाड फऱ्याच्या टोकापासून सुटू शकते. खांदा निखळण्याहून ही इजा वेगळी, हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसने ओळखले होते. कुस्तीत ती स्वतःच भोगलेल्या प्राचीन वैद्य गेलनचा इलाज घट्ट पट्ट्यांचा होता. 1861 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एलायस कूपर यांनी चांदीच्या तारेने सांधा जोडला. शल्यविशारद लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीआधीचे हे धाडस थक्क करणारे आहे. 1941 मध्ये बॉसवर्थ यांनी गळपट्टीचे हाड त्याखालच्या, फऱ्याच्या चोचीसारख्या उंचवट्याशी स्क्रूने बांधले. 1972 मध्ये वीव्हर आणि डन यांनी हाडाचे टोक कापून शेजारचा अस्थिबंध तिथे वळवला. रॉकवूड यांनी नंतर इजेचे सहा प्रकार मांडले. तिसऱ्या प्रकारात शस्त्रक्रिया हवी का, हा वाद अजून मिटलेला नाही.